टाकळ्याची कॉफी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, नाशिकच्या मैत्रिणींना तर नाहीच. आता सांगायला बसले, तरी आधी दुसरंच सांगावंसं वाटतं — कॉफीबद्दल. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, हे जव्हारात सगळ्यांना ठाऊक आहे. कॉफीबद्दल मात्र मी बोलू शकते.

माझे वडील — दादा — संस्थानच्या कचेरीत आहेत. त्यांना कॉफी लागते ती बदामी भाजलेली. दाणे नाशिकहून बैलगाडीने यायचे, पत्र्याच्या डब्यात राहायचे. लागतील तेवढेच कढईत भाजायचे, खलबत्त्यात कुटायचे. उकळी आली की पातेलं उतरवून थंड पाण्याचा शिपका मारायचा, म्हणजे गाळ खाली बसतो. मग दूध, साखर, वर जायफळ. मी नाशिकला मडमांच्या शाळेत शिकून परत आले ती वेगळीच आवड घेऊन — काळीभोर भाजलेली, बिनदुधाची. खरंच आवडायची का ती मला? आमच्या मडम तशी प्यायच्या, एवढंच. पण जायफळाच्या वासाला मी नाक मुरडायला शिकले होते.

आणि खरी आवड? तिच्यासाठी मला बुधीबाईकडे यावं लागतं.

बुधीबाई जामसरच्या पाड्यावरची. आमच्याकडे दळण-कांडण करायची आणि संध्याकाळी सुपात तांदूळ घेऊन घरी जायची. दाणे भाजायचे तिनेच — नागली भाजून हात बसलेला. पण पाणी घालायचं ते आईने. कोरडं काम तिचं, ओलं आमचं. घरात हे कुणी बोलून दाखवत नसे, सगळ्यांना माहीत होतं. दुपारी मागच्या पडवीत ती स्वतःपुरती कॉफी करी. टाकळ्याच्या शेंगांतलं बी भाजून कुटलेलं, गुळाबरोबर उकळलेलं. एकदा आई झोपलेली असताना मी मागितली.

"बाय, माझ्या वाडग्यात?"

"दे."

"आईला कलला तं?"

"तू सांगणार आहेस का?"

"मी कशाला सांगू? तुला बोलतील नि माना हाकलतील," असं म्हणून ती खुदकन हसली.

कडू, जरा मातकट, मागून गुळाची गोडी. त्यानंतर रोज. जवळजवळ वर्षभर मी तिच्या वाडग्यातून टाकळा प्यायले, आणि संध्याकाळी सगळ्यांसमोर बसून शाळेतल्या काळ्या कॉफीचं कौतुक केलं.

भाद्रपदात दादांकडे मुंबईहून आलेले एक मोठे अधिकारी सपत्नीक यायचे होते. आज कॉफी मी करणार, भाजण्यापासून — मी हट्ट धरला. आई देवळात गेली होती, बुधीबाई रानात सरपणाला. डब्यात उरलेले होते-नव्हते ते सगळे दाणे मी कढईत ओतले. मडमांच्या कॉफीसारखे काळे करायचे होते. किती काळे? ते मला कुठे माहीत होतं? शाळेत मी फक्त पेला पाहिला होता, कढई कधी पाहिलीच नव्हती. दाण्यांचा कोळसा झाला. तो मी बांबूच्या बेटाखाली पुरला.

आणि मग — पडवीतल्या फळीवर बुधीबाईच्या टाकळ्याची पुरचुंडी होती. ती मी उचलली. दूध जास्त घातलं, साखर जास्त, जायफळ तर मुठीने. मला वाटलं, कुणाला कळणार आहे?

पाहुण्यांनी एक घोट घेतला आणि बायकोकडे पाहून हसले. "भाऊसाहेब, तुमच्या रानात कॉफीच्या झाडाला शेंगा लागतात वाटतं! अहो, टाकळा आहे हा. आमच्या कोकणात लहानपणी पुष्कळ प्यायलोय."

दादाही हसले. कान मात्र लाल झाले होते. पाहुणे गेल्यावर आईने डबा उघडला. रिकामा.

"बुधे, हा टाकळा कुणाचा?"

बुधीबाईने आधी माझ्याकडे पाहिलं. सरपण घेऊन येताना तिला जळल्याचा वास आला नसेल? दाण्याचा वास तिच्याइतका कुणाला कळत होता? ती सगळं जाणून होती. तिच्या वाडग्यातून मी पिते, हेही फक्त तीच जाणून होती.

"माझाच हाय," ती म्हणाली. एवढंच.

दाणे चोरून तिने डब्यात टाकळा भरून ठेवला आणि तो मला ओळखू आला नाही, असं ठरलं. दादा म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." भात कापायला अजून महिना होता. जामसरला घरोघरी नागली संपत आलेली असते तो हा महिना. मला हे माहीत होतं — वाडगा हातात घेऊन तिच्याचकडून ऐकलं होतं. मी तबक धरून उभी होते. एक वाक्य पुरलं असतं. पण ते बोलले असते तर दाणे जाळल्याचं कळलं असतं, आणि मग टाकळा मला कसा ठाऊक, हेही. दाणे जाळल्याबद्दल दादा रागावले असते, विसरले असते. मला भीती होती ती वाडग्याची.

तिने तो वाडगा झाकला. मी तिला झाकलं नाही.

दिवाळीनंतर बाजारात ती दिसली. खांदे उतरले होते. मी आईच्या मागे सरकले. तीच पुढे आली.

"बाय, कापी कोन भाजतं आता?"

"मी."

"आग मंद ठेव. दाना तडतडला का उतर."

आई चार हात लांब बांगड्या बघत होती. तेव्हाही बोलता आलं असतं. मी मान हलवली.

याला आठ वर्षं झाली. मंद आगीवर भाजते, तडतडलं की उतरवते. दाणा बदामी होतो, अगदी दादांना हवा तसा. घरी येणारे विचारतात — इतकी छान भाजायला कुठे शिकलीस?

मी सांगते — शाळेत.