निर्मलाकाकूंची गिऱ्हाइकं

खायला वाढून आत निघून जाणं निर्मलाकाकूंना जमायचं नाही. शेंगापोळीचा तुकडा आपण तोंडात टाकला की त्या पदराला हात पुसत समोर उभ्या राहायच्या आणि आपल्या तोंडाकडे बघत बसायच्या. घास गिळेपर्यंत. "तोंडानं माणूस काहीही बोलतं, जबडा खोटं बोलत नाही," असं त्यांचं म्हणणं. लखनौत येऊन तिसऱ्याच दिवशी मी त्यांच्या सरकारी बंगल्याच्या व्हरांड्यात बसून ही परीक्षा दिली. पोळी कुरकुरीत होती, कागदासारखी पातळ होती, आणि समोर उभी असलेली बाई माझ्या आईच्या वयाची होती. मी दोन्ही हातांनी ताट उचलून "वा काकू!" म्हटलं. त्या एकदम खुलल्या आणि आणखी दोन घेऊन आल्या.

काकू सोलापूरच्या. त्यांचे यजमान, म्हणजे मानेसाहेब, एका सरकारी खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. खात्याचं नाव मी सांगत नाही, तिथं कंत्राटं मंजूर व्हायची एवढं सांगितलं तरी पुरे. माझी आई बार्शीची आणि साहेबांच्या बहिणीची मैत्रीण, म्हणून पत्ता घेऊन मी गेलो होतो. सरकारी कंत्राटं घेणाऱ्या गोमती नगरमधल्या ज्या कंपनीत मला नोकरी लागली तिथल्या मुलाखतीत मी साहेबांचं नाव घेतलं होतं. कंपनीनं साहेबांना फोन केला. साहेब फक्त "हो, ओळखतो" म्हणाले. पुढं कितीतरी वेळा त्यांनी मला ऐकवलं, "मी शिफारस केली नाही हं. ओळखतो म्हणालो, कारण ओळखतो." साहेब तसेच होते. दिवाळीत कुणी मिठाईचा डबा घेऊन फाटकाशी आलं तर डबा आणि माणूस दोघांनाही तिथूनच परत पाठवायचे. काकूंना या गोष्टीचा फार अभिमान होता. नव्या माणसाला चहाच्या आधी ही गोष्ट मिळायची.

मुलगी लग्न होऊन कॅनडाला गेली तेव्हा काकूंनी शेंगापोळीचा उद्योग सुरू केला. आधी चार ओळखीच्यांना डबे दिले. मग दिवाळीला मोठी ऑर्डर आली, संक्रांतीला त्याहून मोठी. दोन बायका हाताखाली ठेवल्या, शेंगा सोलापूरहून पोत्यानं मागवल्या, डब्यांवर पिवळ्या अक्षरांत, हिंदीत, 'निर्मला शेंगापोली' छापून घेतलं. मला खरं सांगायचं तर नवल वाटायचं. कबाब, कुलचे आणि मलाईवर पोसलेलं हे शहर, खाण्याच्या बाबतीत स्वतःपुढं कुणाला न मोजणारं. ते आमच्या शेंगदाण्याच्या पोळीवर एवढं कसं भाळलं? पण काकूंना नवल वाटत नव्हतं. त्यांना वाटत होतं, अखेर कुणाला तरी कळलं.

मी तेव्हा नोकरीत बढती मिळावी म्हणून लोकांच्या पुढं पुढं करत होतो. कुणाच्या मुलाच्या मुंजीला जा, कुणाच्या सासऱ्याला दवाखान्यात भेट. काकू त्यावरून माझी भरपूर खेचायच्या. "अरे प्रशांत, ओळखीनं एक डबा जातो रे. एकदा. दर दिवाळीला कोण घेतंय ओळखीनं? बघ की माझ्याकडं. ह्यांनी एका माणसाला तरी सांगितलंय का, माझ्या बायकोकडनं घ्या म्हणून? हातात चव असली की माणूस वास काढत येतं." साहेब शेजारी पेपर वाचत असायचे. ते पान उलटायचे.

साहेब निवृत्त झाले, बंगला सुटला, आणि दोघं गोमती नगरमधल्या फ्लॅटमध्ये राहायला आले. माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. त्या वर्षी दसरा झाला तरी काकूंचा फोन वाजला नाही. त्यांनी आधी नव्या पत्त्यावर खापर फोडलं. मग सगळ्यांना मेसेज पाठवले. उत्तरं फार गोड आली. लखनौत कुणी नाही म्हणत नाही. "ज़रूर आंटीजी, बिल्कुल बताएँगे," एवढं म्हणून माणसं गप्प झाली.

मग काकूंनी स्वतःच्या हाताला दोष द्यायला सुरुवात केली. हे बघवत नव्हतं. त्या गूळ बदलून बघत, शेंगा जास्त भाजून बघत, कमी भाजून बघत. संध्याकाळी मी ऑफिसातून जाताना डोकावलो की ओट्यावर पोळ्यांच्या चवडी असायच्या आणि काकू एकेक तुकडा तोंडात टाकून डोळे मिटून उभ्या असायच्या. "माझा हात गेला रे," एकदा म्हणाल्या. "वयानं जातो म्हणे. जिभेचं कळणं कमी होतं." साठी उलटलेल्या बाईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी "काहीतरीच काय काकू" म्हणून पाय काढता घेतला. कारण मला अंदाज होता. मी चार वर्षं कंत्राटदारांच्याच लोकांत वावरत होतो, मला अंदाज नसता तरच आश्चर्य. पण तो सांगायचा कसा?

शेवटी त्यांनीच ठरवलं. जुन्या गिऱ्हाइकांकडे स्वतः जायचं, ताजी पोळी समोर खायला घालायची आणि काय चुकलं ते तोंड बघून ओळखायचं. साहेबांनी "कशाला दारोदार?" म्हणून पाहिलं. काकूंनी ऐकलं नाही. गाडी माझी, म्हणून मी.

पहिलं घर अवस्थी नावाच्या कंत्राटदाराचं, निशातगंजच्या मागच्या गल्लीत. सगळ्यांत मोठी ऑर्डर त्यांचीच असायची. अवस्थींच्या बायकोनं आमचं फार आदरानं स्वागत केलं. "अरे आंटीजी, आपने क्यों तकलीफ़ की, बुलवा लिया होता!" पाणी आलं, चहा आला, बिस्किटं आली. काकूंनी डबा उघडला, पोळीवर घरून आणलेलं तूप सोडलं आणि ताटली पुढं केली. त्या बाईंनी नखाएवढा तुकडा मोडला आणि चघळत राहिल्या. काकू उभ्या राहिल्या. अहो, दुसऱ्याच्या दिवाणखान्यात, सोफा सोडून, त्या उभ्या राहून त्या बाईच्या तोंडाकडे बघत होत्या. मला कार्पेटमध्ये तोंड लपवावंसं वाटलं. बाईंनी चहाचा मोठा घोट घेऊन तो तुकडा आत ढकलला.

तेवढ्यात त्यांची सून दारात आली. तिच्या मागं एक माणूस खोकी घेऊन उभा होता. "मम्मी, ये मोमबत्तियाँ कहाँ रखवा दूँ? पंद्रह कार्टन हैं."

"इतनी मोमबत्तियाँ?" काकूंनी कौतुकानं विचारलं. "शादी है क्या घर में?"

"नहीं आंटीजी, वो तो नई मैडम बनाती हैं ना, ख़ुशबू वाली," सून म्हणाली. "साहब की जगह जो आए हैं, उनकी मिसेज़. इस बार से मोमबत्ती लेनी है." सासूनं डोळे वटारले तेव्हा ती थांबली, पण सगळं बोलून झालं होतं.

काकू हळूच सोफ्यावर बसल्या. मग त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "और मेरी पोली? वो कौन खाता था?"

"आंटीजी, अब आपसे क्या छुपाना," अवस्थींच्या बायकोनं त्यांच्या हातावर हात ठेवला. ती बाई वाईट नव्हती. "हमारे यहाँ मीठी रोटी कोई खाता नहीं. साइट पर बँटवा देते थे. सच्ची, बहुत दुआएँ देते थे सब." आणि मग काकूंचा चेहरा बघून तिनं जे केलं ते सगळ्यांत वाईट होतं. ती घाईनं म्हणाली, "आप दस डिब्बे भिजवा दीजिए ना. बीस भिजवा दीजिए."

"नहीं नहीं," काकू ताडकन उठल्या. "मैं बेचने नहीं आई थी." तुपाची वाटी तिथंच राहिली.

गाडीत त्यांनी पदर डोळ्यांवर ओढून घेतला. मला वाटलं, रडतायत. पुलावर गाड्या अडकल्या होत्या तेव्हा त्यांनी पदर काढला. चेहरा लाल झाला होता, डोळे कोरडे होते. "ह्यांनी कधी कुणाचा पेढा घेतला नाही रे," त्या म्हणाल्या. "फाटकातनं परत पाठवायचे. आणि मी स्वयंपाकघराच्या दारानं पोत्यानं घेत होते." मी म्हटलं, काकू, तुम्ही माल दिलात, फुकट काही घेतलं नाहीत. त्या म्हणाल्या, "गप बस. मला सगळं कळतं. जे कुणी खातच नव्हतं तो कसला माल?" पुढच्या कुठल्याच घरी आम्ही गेलो नाही. घर जवळ आल्यावर त्यांनी माझा दंड धरला. "ह्यांना यातलं काही कळता कामा नये. त्यांना सोसायचं नाही. मी गुडघ्याचं कारण सांगते."

साहेब बाल्कनीत पेपर घेऊन बसले होते. आम्ही एवढ्या लवकर परत आलो तरी काय झालं, कोण काय म्हणालं, काही विचारलं नाही. काकू म्हणाल्या, "गुडघे फार दुखायला लागलेत. बंद करावं म्हणते आता पोळ्यांचं."

"बरं होईल," साहेब म्हणाले.

फार पटकन म्हणाले. काकू चप्पल काढता काढता थांबल्या. उरलेल्या डब्यांची पिशवी हातात घेऊन मी दाराशी उभा होतो. मला आत जाता येईना आणि बाहेरही जाता येईना.

"तुम्हाला ठाऊक होतं," काकू म्हणाल्या.

साहेबांनी पेपराची घडी केली, ती पुन्हा उघडली. ज्यांच्यासमोर मोठमोठे कंत्राटदार चळचळा कापायचे, त्या माणसाची नजर वर होत नव्हती. "मी कधी कुणाला घ्या म्हणालो नाही, निर्मला."

"घेऊ नका, असं तरी म्हणालात?"

"तू किती खुश असायचीस," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. काकू आत निघून गेल्या. साहेबांनी मला बस म्हटलं नाही, आणि मी पिशवी चपलांच्या कपाटावर ठेवून जिना उतरलो.

त्यानंतर त्यांच्यात काय बोलणं झालं मला माहीत नाही. वरवर सगळं पूर्वीसारखं होतं. एक फरक झाला. काकूंना कशाचंच कौतुक सोसेना. माझ्या मुलीच्या बारशाला त्यांनी हट्टानं शेंगापोळ्या करून आणल्या, आणि माझ्या ऑफिसातल्या एकानं आपणहून चार खाल्ल्या. "आंटी, ऑर्डर लेती हैं आप?" म्हणून मागं लागला. काकूंनी त्याला "बंद है" म्हणून वाटेला लावलं. मी रागावलो. म्हटलं, काकू, हे गिऱ्हाईक खरं होतं की! त्या म्हणाल्या, "हा तुझ्या हाताखाली काम करतो ना?" करत होता.

वर्षाच्या आत त्यांनी लखनौचा फ्लॅट विकला आणि सोलापूरला जायचं ठरवलं. सगळ्यांना वाटलं, म्हातारपणी आपल्या माणसांत जायचंय. मला त्यांनी स्टेशनवर खरं कारण सांगितलं. "तिथं घरोघरी शेंगापोळी होते. ह्यांना तिथं साहेब म्हणून कुणी ओळखत नाही, आणि कुणाचं काही आमच्यावाचून अडलेलं नाही. तिथं करून बघते." सासरमाहेरची ओढ असलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. स्वतःला नापास करून घ्यायला गावी निघालेली बाई मी ही एकच पाहिली.

गेल्या संक्रांतीला त्यांचा फोन आला. मी ऑफिसात होतो. आवाजात इतका उत्साह की मला वाटलं मुलगी कॅनडाहून आली असणार. "अरे, शेजारच्या पाटीलवहिनींना पोळ्या दिल्या. त्यांच्या सासूबाई, ऐंशीच्या आहेत, दात नाहीत. त्यांनी काय म्हणावं? म्हणाल्या, पोरी, लाटलीस झकास, पण गूळ फार घालतेस. शेंगेची चवच मारून टाकलीस! तोंडावर म्हणाल्या रे!" काकू हसत होत्या, गुदमरेपर्यंत हसत होत्या. "मग मी काल कमी घालून केल्या. काय सांगू तुला, वेगळीच चीज. एवढी वर्षं मी गूळच खायला घातला लोकांना. एकानं म्हणून सांगितलं नाही."

मीही हसलो. मग त्या म्हणाल्या, "तू तर बार्शीवालीचा मुलगा. तुला रे कधी जाणवलं नाही?"

माझी आई शेंगापोळीत गूळ मोजून घालायची. व्हरांड्यातल्या पहिल्या घासालाच मला ते कळलं होतं. पण तेव्हा मला नोकरी हवी होती, पुढं बढती हवी होती, आणि पुढं सवय झाली होती. आता तर काहीच नको होतं. साहेब निवृत्त, काकू हजार मैलांवर. तरीही माझ्या तोंडून जे निघालं ते हेच, "मला काकू, गोडच आवडतं."

पलीकडं कुठंतरी कुकरची शिट्टी झाली.

"हं," त्या म्हणाल्या. "म्हणजे तूही अवस्थींच्यातलाच."

रागानं नाही म्हणाल्या. नुसतं कळल्यासारखं म्हणाल्या. मग माझ्या मुलीचा खोकला बरा झाला का ते विचारलं, थंडी किती आहे ते विचारलं आणि फोन ठेवला. या संक्रांतीला त्यांच्याकडून पार्सल आलं, तिळगुळाचं. शेंगापोळी नव्हती त्यात.