तेजूचा तुलाभार

माझ्या नातीला मी भर देवळात नारळांनी तोललं आणि तिचं जेवण बंद पाडलं.

नात म्हणजे तेजू, माझ्या लेकाची मुलगी. दहावीत शिकते. जन्मली तेव्हा उन्हात वाळत घातलेल्या बोंबलासारखी होती. तेव्हा मी ग्रामदेवतेला बोलले होते, "चेडू अंगान भरू दे, तुका त्याच्या भारान नारळ देतंय." चेडू, म्हणजे पोर, भरलं. शाळेच्या संघात कबड्डी खेळायला लागलं. नवस मात्र राहिला. (एका वर्षी सुतक आलं, एका वर्षी माकडांनी माडावर नारळ ठेवले नाहीत, आणि खरं सांगायचं तर पुढे मी विसरले.) यंदा जिल्ह्याच्या संघासाठी निवड होती. तेजूला दुसरं काही सुचत नव्हतं. झोपेतही लाथा मारायची! म्हटलं, नवस डोक्यावर ठेवून पोरीला मैदानात कशाला पाठवा?

देवळात तागडी टांगली. एका फळीवर तेजू बसली, दुसऱ्या फळीवर आम्ही नारळ रचत गेलो. पोतं रिकामं झालं, तरी तेजूची फळी जमिनीलाच! आमच्या आचऱ्यात तुलाभार बघायला सगळी वाडी जमते. अशा वेळी शहाण्या बाईने गप्प बसावं. मी ओरडले, "अगो, तू खातंस तरी काय? दगड?"

लोक हसले. लोक हसले की मला चेव येतो.

"घरातलो अर्धो तांदूळ ह्याच चेडवाच्या पोटात जाता!"

शेजारची शेवंता धावत जाऊन आपले नारळ घेऊन आली. "काकी, नातीक तागडीत घालूच्या आधी माझ्याकडे येवचा मां!"

पुन्हा हशा. शेवटी माझ्या सुनेने, शैलाने, केळ्यांचा अख्खा घड फळीवर ठेवला, तेव्हा कुठे तेजू वर उचलली गेली. मान खाली, कान लाल.

(नारळांबद्दल एक सांगायचं राहिलं. चांगले भरलेले मी घरी माळ्यावर ठेवले होते. देवाला नेले ते जुने, आतलं पाणी आटलेले, हलवले तर खुळखुळतही नव्हते. वजन भरणार कुठून? पण देवळात ही गोष्ट मी बोलले नाही. जड ठरलं ते चेडू!)

दुसऱ्या दिवसापासून तेजूच्या ताटात भात दिसेना. मग बापाकडे हट्ट धरून तिने एक वजनकाटा मागवला. त्याच्यावर उभं राहिलं की अंगात चरबी किती टक्के तेही दाखवतो म्हणे. त्याने दाखवलं. आता ते टक्के किती असले म्हणजे बरे, हे घरात एकालाही ठाऊक नव्हतं. म्हणून मीच सांगितलं. "परीक्षेत टक्के वाढूक होये आणि चरबीत कमी होवक होये. येवढा तरी माका कळता!"

चौथीपर्यंतच्या शिक्षणावर मी एवढा मोठा निकाल देऊन टाकला.

पोरीने तो मनावर घेतला. आमटीत वाटप नको, तेल नको, माशाची तळलेली तुकडी नको. नारळाचं वाटप काढलं तर आमच्या माशाच्या कढीत राहतं काय? मिरची आणि पाणी! ती ते प्यायची आणि मैदानावर धावायला जायची. धावून आली की काट्यावर. पाणी प्यायली की परत काट्यावर. तो काटाही असा द्वाड, की दर वेळी वेगळंच काही सांगायचा, आणि त्यावर तेजूचं तोंड हसायचं किंवा पडायचं.

शैला मला म्हणाली, "आई, चेडू जेवणा नाय. तुमी सांगून बघा."

मी सांगितलं. काय सांगितलं? "तेजू, आता कसा शिडशिडीत दिसतंस गो! असाच रव." त्या एका वाक्याचं मला अजून वाईट वाटतं. देवळातलं बोलणं निदान चेष्टेतलं होतं. हे मी कौतुकाने बोलले.

पुढे तिच्या फणीत केसांचे गुंते यायला लागले. भर उकाड्यात ती चादर पांघरून बसायची. मग एकदा शैला माझ्या कानाशी आली. "आई, तिची पाळी थांबली हा."

"बरा झाला, कटकट गेली!" मी म्हटलं. "खेळूक मोकळा."

देवाने मला जीभ दिली तेव्हा सोबत झाकण द्यायला हवं होतं.

निवड कुडाळच्या मैदानावर होती. मी पुढे जाऊन बसले. तेजू चढाईला गेली, समोरच्या दोघींना हात लावून वळली, आणि मधली रेषा हाताशी आली असताना खाली बसली. मला वाटलं, बुटाची नाडी सुटली.

"अगो, बसतंस काय? रेषेक हात लाव!"

ती बसलेलीही राहिली नाही, आडवी झाली. समोरच्या संघातल्या पोरी आधी तिला धरायला धावल्या आणि मग त्यांनीच तिला उचललं. माझं "ऊठ, ऊठ" चालूच होतं. बाजूच्या एका बाईने माझा हात धरून मला खाली बसवलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तेजूला तपासलं, रक्त घेतलं, शैलाला सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "हिचं खाणं फार कमी पडलंय. अंगातली चरबी उतरलीय."

डॉक्टरांपुढे मी शुद्ध बोलते. "उतरली? मग चांगलंच झालं ना?"

"नाही आजी. वयात आलेल्या मुलीच्या अंगात मुलग्यापेक्षा जास्त चरबी असते, आणि ती लागतेच. त्याच्यावर पाळी चालते, हाडं धरतात. खेळणाऱ्या मुलीला तर इतरांपेक्षा जास्त जेवायला हवं."

"पण ही तर किती जड होती!"

"जड असणारच. मांड्या बघा तिच्या, खेळून कमावलेल्या. मांसाचं वजन असतं. वजन म्हणजे चरबी नव्हे."

"मग टक्के किती हवेत ते सांगा. तेवढेच ठेवतो."

"एकच आकडा सगळ्यांना लागू होत नाही. आणि घरातल्या काट्याचं काय, पाणी प्यायलं तरी तो वेगळं सांगतो. ती पोटभर जेवते, पाळी वेळेवर येते, खेळून दमली तरी परत ताजी होते, एवढं बघा." मग त्यांनी तेजूला विचारलं, "तुला कोणी जाड म्हणालं का?"

शैला छताकडे बघायला लागली.

"आमची शेजारीण शेवंता आहे ना," मी सुरुवात केली. तेजूने माझ्याकडे नुसतं बघितलं. "आणि मी," मी म्हटलं. "शेवंता उगाच. मीच."

तेजूची निवड गेली. पुढच्या वर्षी वयोगट बदलतो, म्हणजे त्या संघात ती कधीच खेळणार नाही. सरांनी समजूत घातली, बापाने नवे बूट आणले. बूट दाराशी पडून राहिले. मी तिच्याजवळ जाऊन म्हटलं, "तेजू, चुकला गो माझा."

"आजये," ती म्हणाली, "तू जेवताना माझ्या ताटाकडे बघतंस ना, तेवा माका घास गिळवणा नाय."

शैलाने मग नियमच केला. ताटावर कोणी कोणाच्या खाण्याबद्दल बोलायचं नाही. कोणी म्हणजे मी. तेव्हापासून मी मांजराकडे बघून जेवते.

हळूहळू तेजू परत जेवायला लागली. पाळी आली, रंग आला. बूटही अंगणापर्यंत गेले. आणि एका दुपारी मला ऐकू आलं, "आई, आणखी भात वाढ. आणि कढी."

मला इतका आनंद झाला की तोंडून काहीतरी बाहेर पडणारच होतं. शैलाने डोळे वटारले. ते शब्द आत ढकलायला मी ताटातला हाताला लागला तो पेडवा मासा अख्खा तोंडात कोंबला. पेडव्याला मासापेक्षा काटे जास्त! एक काटा घशात आडवा बसला. सुका भात गिळला, केळं गिळलं, काटा हलेना. पुन्हा त्याच डॉक्टरीणबाई.

"आजी, तोंड उघडा," त्या चिमटा घेऊन म्हणाल्या. "मोठ्ठं."

मागून तेजू म्हणाली, "डॉक्टर, जपून हां. मोठ्या कष्टाने बंद केलंय आम्ही ते!"