कानबाईच्या रोटातली मूठ

समस्त भाऊबंद, शेजारी आणि खिडकीतून डोकावणारे हितचिंतक यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, ऐंशीच्या दशकातल्या एका श्रावणात अमळनेरच्या आमच्या घरी आफ्रिका खंड उतरला. एस.टी.ने आला. सोबत दोन बॅगा होत्या आणि पाच वर्षांची एक मुलगी.

माझा थोरला भाऊ झांबियातल्या एका शाळेत गणित शिकवायला गेला होता आणि तिथल्याच एका शिक्षिकेशी लग्न करून मोकळा झाला होता. आमच्याकडे ‘सावळी’ हा शब्द फार उदारपणे वापरतात, पण वहिनीला बघून त्या शब्दानेही हात टेकले. मुलीचा रंग आईबापाच्या मधला होता. केस मात्र आईचे, स्प्रिंगसारखे. बापाने तिला मराठी शिकवलं होतं, त्यामुळे गल्लीतल्या बायका तिच्या देखत तिच्याबद्दल बोलायला लागल्या की ती मध्येच उत्तर द्यायची.

माझी आई, जिला आम्ही सगळे माय म्हणायचो, तिने पहिल्याच दिवशी नातीला मोरीत बसवलं आणि डाळीच्या पिठात साय कालवून चोळायला घेतलं. वहिनीने विचारलं, हे कशासाठी? भाऊ नजर चुकवून म्हणाला, कातडी मऊ होते. वहिनी हसली. तिने वाटीतला गोळा घेतला, सासूचा हात पुढे ओढला आणि कोपरापर्यंत चांगला चोळून दिला. माय आधी गडबडली, मग तिने दुसरा हातही पुढे केला. त्यानंतर ती वाटी आमच्या मोरीत दिसली नाही. कंगवा मात्र नातीच्या केसांत मोडला. पुढे माय वहिनीकडून बारीक वेण्या घालायला शिकली आणि दुपारभर नातीचं डोकं मांडीवर घेऊन बसायला लागली.

मायचं सगळं असं हातातून कळायचं. आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, काही कळत नव्हतं. घरात नात त्यांच्या पोटावर बसून शेवमुरमुरे खायची. म्हैस हाकायचा आवाज त्यांनी तिला शिकवला, आणि ती तो इतका हुबेहूब काढायची की मागच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहायची. आबा तिला खांद्यावर घेऊन घरभर फिरायचे. पण उंबऱ्यापर्यंतच. उंबरा आला की खाली उतरवायचे आणि बाहेर बोटही धरायचे नाहीत. सरकी-पेंडीच्या दुकानात ती मागे लागून गेली आणि गिऱ्हाइकाने विचारलं, “कोनी पोर शे हाई, आबा?” की आबा तराजूकडे बघत म्हणायचे, “पाव्हनासनी शे.”

पाहुण्यांची आहे. हे मी स्वतः ऐकलं, आणि तिनेही ऐकलं. परत येताना तिने मला विचारलं, “आत्या, आपल्याकडे पाहुणे कोण आलेत?”

मी भजी घेऊन दिली.

आबा दुष्ट नव्हते. त्यांच्या भीतीचं कारण मी होते. मला बघायला चोपड्याहून मंडळी यायची होती, आणि भाऊबंदांत आधीच कुजबुज चालली होती की थोरल्याने असं केलं, आता धाकटीला कोण करणार. हे आबा बोलले नाहीत कधी. दुकानातून आले की माझ्याकडे बघायचे, मग नातीकडे, मग पंच्याने तोंड पुसत बसायचे.

अशात कानबाई आली. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी ही देवी घरी बसते आणि तिच्यासाठी रोट, म्हणजे गव्हाचा नैवेद्य, करतात. रोटाचा गहू मोजायची आमच्या घरची रीत अशी की घरातले पुरुष आणि लग्न न झालेली लेकरं, प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ. ज्याची मूठ पडली तो घरचा. गहू एकदा टोपलीत पडला की कुणाचा दाणा कोणता ते देवीलाही सांगता यायचं नाही. सुनांची मूठ नसे. म्हणजे जी बाई मुठी मोजायची, तिची स्वतःची नसायची! धुळ्याला दिलेली माझी बहीण माहेरी येऊन आरत्या म्हणायची, पण रोटाचा घास तिला मिळत नसे, कारण लग्नानंतर ती पाहुणी. आणि त्या गव्हाला परक्याचा हात लागलेला चालत नसे.

आदल्या दिवशी सकाळी आम्ही गहू निवडायला बसलो. नातीने आंघोळ केली होती. मायने तिच्यापुढेही सूप सरकवलं. पोरगी खडे शोधून काढायची आणि प्रत्येक खडा सापडला की म्हैस हाकायची.

दुपारी भाऊबंद जमले. सगळ्यांत वडील नाना, आबांचे चुलतभाऊ. मायने टोपली पुढे घेतली. पहिली मूठ मानाची, नानांची, दुसरी आबांची, मग माझ्या भावाची, मग माझी. पाचवी मूठ तिने उचलली आणि ती थांबली. समोर नात सुपात दोन्ही हात घालून बसली होती.

नाना मायला म्हणाले, “थांब. हाऊ गहू चालाव नही. पाव्हनासना हात लागना ह्याले.”

“पाव्हना कोन शे आठे?” माय म्हणाली.

“मी नही सांगत. आबाच सांगस बजारमा, पाव्हनासनी पोर शे. इचार त्याले.”

माझा भाऊ उठून उभा राहिला आणि बायकोला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाला. बॅगा भरायच्या, एवढंच असणार ते. वहिनीला आमच्या बोलीतलं एक अक्षर कळत नव्हतं, पण ती आधीच मुलीला उचलायला वाकली होती. मुलगी उठेना. तिने आमच्याकडे, एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग मांडीवरचे गव्हाचे दाणे वेचून परत सुपात टाकायला लागली. एकेक दाणा. आपलं चुकलंय, आणि ते आवरून ठेवायचं, असं शहाण्या लेकरासारखं.

मायची मूठ तशीच अधांतरी होती. ती आबांकडे बघत होती. आबा माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता नेहमीसारखे पंच्याने तोंड पुसतील. मी मान हलवली का, मी काही म्हणाले का, आठवत नाही. एवढं आठवतं की आबा उठले, नातीच्या शेजारी जमिनीवर बसले, आणि समोर सगळे भाऊबंद, दारात उभी अर्धी गल्ली, असं असताना मायवर एकदम ओरडले, “देखत काय बठनी? टाक तिनी मूठ! नहीतर मनी मूठ बी काढी ले!”