दुसरं मोठं माणूस कुठंय?

मलिहाबादच्या एका आमराईत मला मुलं पळवणारी बाई म्हणून खाटेवर बसवून ठेवलं होतं. तक्रार करायची सोय नव्हती. ज्या नियमांनी मला तिथं बसवलं, ते मीच केले होते.

लखनौच्या गोमती नगरमधल्या आम्हा मराठी घरांचा एक बालगट आहे. रविवारी मुलं जमतात, गाणी-गोष्टी होतात. (मराठी टिकावी हा हेतू. मुलं मराठीत ऐकतात आणि हिंदीत उत्तरं देतात. हेतू मात्र टिकून आहे.) या गटाची प्रमुख मी. यंदा मुलांच्या सुरक्षिततेवरच्या एका शिबिराला गेले आणि आले ती पेटूनच. कुठलंही मोठं माणूस कुठल्याही मुलासोबत एकटं असता कामा नये! कायम दोघं हवीत! आणि नवरा-बायको मिळून एकच धरायचं, कारण ती एकमेकांना पाठीशी घालतात.

"आपण?" माझा नवरा श्रीधर म्हणाला. "कधीपासून?"

मी दुर्लक्ष केलं आणि हे सगळे नियम मुलांना शिकवायला बसले. "एकटं मोठं माणूस 'चल' म्हणालं तर जायचं नाही. मागं सरायचं. जोरात ओरडायचं. ओळखीचं असलं तरी!"

"आप हो तो भी?" सहा वर्षांच्या अर्णवनं विचारलं.

"मी असले तरी!" मी बाणेदारपणे म्हणाले.

जूनमध्ये झाडावरचे दशहरी आंबे बघायला मिनीबसनं मलिहाबादची सहल काढली. येणार होतो चौघं मोठी. एका गृहस्थांनी सकाळीच पोट बिघडल्याचं कळवलं. उरलो मी, श्रीधर आणि शेजारच्या जोशीवहिनी. म्हणजे माणसं तीन, पण माझ्या नियमानं दोनच!

आमराईत पोचताच एका मुलीला बाथरूमला जायचं होतं. तिच्याबरोबर दोघं गेली, तर बाकीच्यांपाशी दोघं कोण? म्हणून सगळेच निघालो. बागेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आलो, सतरंजी अंथरली, तेवढ्यात दुसरीला लागली. पुन्हा वरात!

"अहो, मी इथंच बसते ना मुलांजवळ," जोशीवहिनी कळवळून म्हणाल्या. "माझे गुडघे..."

"एकट्या?" मी विचारलं. वहिनी उठल्या.

तिसऱ्या वरातीहून परतलो आणि माझ्या लक्षात आलं, अर्णव नाही.

वाटेत पंपाच्या पाण्याचं उघडं टाकं होतं, मला दुसरं काही दिसेना. "मुलांना सोडू नका!" एवढं ओरडून मी सुटले. टाक्यात डोकावले. नुसतं पाणी, वर आंब्याची पानं. पुढं एका छपराखाली बायका आंबे निवडून पेट्या भरत होत्या. तिथंच एका करडासमोर अर्णव निवांत उभा!

"अर्णव! चल!" मी हात पुढं केला.

तो मागं सरला. "दूसरा बड़ा कहाँ है?"

"अरे, मी आहे ना!"

"आप अकेली हो," असं म्हणून त्यानं डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला आणि ठणाणा केला, "नहीं जाऊँगाऽऽ! बचाओऽऽ!"

(शिबिरातल्या बाईंनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते.)

आंबे निवडणाऱ्या बायका ताडकन उठल्या. एक म्हातारी आंबे उतरवायची लांब काठी घेऊनच पुढं आली. "ए बहिनी! कहाँ लिए जाय रही हो बच्चे का?"

"माँजी, ये मुझे पहचानता है!"

"पहचानते हो, भैया?"

"हाँ, आंटी हैं," अर्णव हुंदका देत म्हणाला. "लेकिन इनके साथ नहीं जाना है."

"मैंने ही इसको सिखाया है कि मेरे साथ नहीं जाना!" मी किंचाळले. हे वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर मलाच माझा संशय आला. म्हातारीनं काठीनं खाट दाखवली. मी बसले. अर्णवला पिकलेला दशहरी मिळाला, मला नुसतं ऊन!

फोन श्रीधरकडच्या पिशवीत. गळ्यात शिट्टी होती, ती जीव खाऊन फुंकली.

"गैंग का बुलाय रही है!" कुणीतरी ओरडलं. शिट्टी जप्त झाली.

पण गँग आली. पुढं श्रीधर, मागं मुलं आणि पार शेवटी गुडघे धरत जोशीवहिनी.

"ये आपके साथ हैं?" म्हातारीनं श्रीधरला विचारलं.

त्यानं खाटेकडं पाहिलं. अगदी आवश्यक होतं त्यापेक्षा जरा जास्तच वेळ पाहिलं. "जी. पत्नी हैं."

"लो भैया, अब दो हो गए," म्हातारी अर्णवला म्हणाली.

अर्णवनं कोय चोखत मान हलवली. "ये दोनों मिलके एक हैं."

शेवटी जोशीवहिनी धापा टाकत पोचल्या, तेव्हा कुठं अर्णव माझ्या स्वाधीन झाला. खरं तर मी त्याच्या.

घरी आल्यावर मी अर्णवच्या आईला, नेहाला, फोन लावला. सगळं खरंखरं सांगितलं. अर्णव मागं राहिला, माझं लक्ष नव्हतं, मी शोधत गेले, मला माफ कर.

नेहानं शांतपणे ऐकून घेतलं. "ताई, तो म्हणालाच होता, तुम्ही असंच सांगाल म्हणून."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, 'आंटी खो गई थीं. मैंने शोर मचाया, तब जाके मिलीं.' घाबरला असाल ना हो? पुढच्या वेळी त्याचा हात अजिबात सोडू नका हं."