कानांचा दोष

जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून डीव्हीडी करून देणाऱ्या त्या बाईंना सारा बाजार मावशी म्हणायचा. एकदा एक आजोबा मूळ कॅसेट आणि दुसऱ्या दुकानातून करून घेतलेली तिची डीव्हीडी घेऊन आले. तिच्यात त्यांच्या दिवंगत बायकोचं बोलणं होतं. आजोबांना कमी ऐकू यायचं. बोलणाऱ्याचे ओठ पाहिले तरच शब्द नीट कळायचे. इथे मात्र ओठ पुढे पळत आणि आवाज मागून येई.

"ज्यानं करून दिली तो म्हणतो, दोष माझ्या कानांचा आहे," आजोबा मान खाली घालून म्हणाले.

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी मूळ कॅसेट लावून पाहिली. ती ठणठणीत होती. त्या दुकानदारानं डीव्हीडी ज्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमनं केली होती, तोच त्यांच्याकडेही होता, आणि त्यातही आवाज तस्साच मागे पडला. त्यांनी प्रोग्रॅमच्या कंपनीला फोन केला.

"प्रोग्रॅम काढून परत टाका," पलीकडचा म्हणाला.

"तीनदा टाकला. आता जरा डोकं लावा."

त्यानं काही लावलं नाही. शेवटी मावशींनीच आवाज वेगळा काढला, दुसऱ्या प्रोग्रॅममधून त्याची गती सुधारली आणि चित्राला जोडला.

"चहा निवला तुमचा," पडद्यावर आजी म्हणाल्या. आजोबा हसले.

मावशींनी मात्र लगेच त्या दुकानदाराला फोन लावला. "आजोबा इथेच बसलेत. माफी मागा त्यांची." त्यानं फोन ठेवून दिला. मावशींनी परत लावला. चौथ्या खेपेला त्यानं माफी मागितली, तेव्हा मावशींनी फोन आजोबांच्या कानाशी धरून त्याला ती पुन्हा, मोठ्यानं मागायला लावली.