सायबाची गाडी

हात दाखवून अवलक्षण कसं करतात ते मी घरच्या मोटरसायकलवर करून दाखवलं, तेही पदरचे पेढे आणून. तेव्हा आधीच सांगून ठेवते, या हकिकतीत कुणी शहाणं असेल तर ते मी नाही.

गाडी माझ्या बाबांची. बाबा आता पंच्याऐंशीचे. परळच्या गिरणीत वर्कशॉपला फिटर होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी शाळेत दुसरीला होते, त्यामुळे गिरणीतले बाबा मला फारसे आठवत नाहीत. ते गिरणीत नवे नवे लागले तेव्हा विणकाम खात्यात एक गोरा मास्तर होता. विलायतेला परत जाताना तो आपली मोटरसायकल बाबांना देऊन गेला. एवढीच कथा, पण लालबागच्या आमच्या चाळीत ती पोराटोरांना पाठ होती. गाडीला कुणी गाडी म्हणत नसे, ‘सायबाची गाडी’ म्हणत. रविवारी मी टाकीवर, बाबांच्या मागे आई, आणि आम्ही चौपाटीला. टाकी उन्हात तापायची आणि माझ्या मांड्या भाजायच्या. आईला जाऊन नऊ वर्षं झाली.

चाळ पडली आणि तिथेच टॉवर उभा राहिला. आम्ही बापलेक सतराव्या मजल्यावर. चाळीत बाबा कॉमन गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे, दिवसभर माणसं येता-जाता बोलायची. इथे दार लावलं की लावलं. बाबा घरातून हलेनात. फक्त सकाळी नऊ वाजता हातात फडकं घेऊन लिफ्टने खाली जायचे, पार्किंगमधल्या कोपऱ्यातल्या खांबाला टेकलेली गाडी पुसायला. गाडी बारा वर्षं चाललेली नव्हती, पण पुसायला तासभर लागायचा, कारण वॉचमन, ड्रायव्हर, इस्त्रीवाला सगळ्यांशी बोलायचं असायचं. समोरच्या फ्लॅटमधले काका असेच खाली उतरायचे थांबले होते. सहा महिन्यांत गेले. त्यामुळे मला त्या फडक्याचं महत्त्व नीट कळलेलं होतं.

आणि नेमका सोसायटीचा सेक्रेटरी त्या गाडीच्या मागे लागला.

“ताई, एका फ्लॅटला एक पार्किंग. तुमची कार आहे ना? मग हे भंगार हटवा.”

भंगार म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. “भंगार कुणाला म्हणता? विंटेज आहे ती, विंटेज!” मी ओरडले. विंटेज म्हणजे नक्की काय ते तेव्हा मला माहीत नव्हतं, पण भांडणात आवाज मोठा लागतो, ज्ञान नंतर बघता येतं.

प्रकरण मीटिंगमध्ये गेलं. आमच्या लॉबीत बिल्डरने गिरणगावाची आठवण म्हणून फायबरचा एक माग ठेवलाय, वर पिवळा लाइट. पहिल्याच दिवशी बाबांनी त्याच्याभोवती फेरी मारून आपल्या मालवणीत विचारलं होतं, “ह्या मागाचो धोटो खंय?” आडवं सूत इकडून तिकडे नेणारा लाकडी धोटाच नव्हता, म्हणजे कापड विणायचं ते विणणार कशाने? सेक्रेटरीचा त्या मागावर भारी जीव. तो म्हणाला, गाडी खरंच ओरिजिनल असेल तर तसं सर्टिफिकेट आणा, आपण तिला मागाच्या बाजूला शोसाठी ठेवू, बिल्डिंगची शान वाढेल. नसेल तर महिनाअखेर भंगारवाला. मीटिंगमध्ये ठराव झाला, माझीही सही झाली.

मग मी जुन्या गाड्यांवाल्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये शिरले. देवा रे देवा, काय ती माणसं! बायकोचा वाढदिवस विसरतील, पण कुठल्या साली हेडलाइटचा स्क्रू चपटा होता आणि कधी गोल झाला ते झोपेतून उठवून विचारा. त्यांच्यात सगळ्यात मोठी शिवी म्हणजे ‘रेप्लिका’. कुणाची टाकी नवी, जुन्यासारखी ठोकून घेतलेली निघाली तर ग्रुपवर सुतक पडतं. गंजसुद्धा ओरिजिनल लागतो. प्रभादेवीच्या एकाने म्हणे नव्या मडगार्डला मिठाचं पाणी पाजून गच्चीवर गंज पिकवला होता. पकडला गेला बिचारा, कारण गंज सगळीकडे सारखा आला.

आणि या मंडळींचा देव म्हणजे मॅचिंग नंबर. इंजिनावर ठोकलेला नंबर आणि सांगाड्यावरचा नंबर जुळले की गाडी अस्सल. जुळले नाहीत की ती कुठून कुठून तुकडे आणून जोडलेली.

एका रविवारी बाबा जेवून झोपले असताना मी दात घासायचा जुना ब्रश आणि रॉकेल घेऊन खाली गेले. सांगाडा घासला. काळ्या मळाखालून नंबर वर आला: २४१७. इंजिन घासलं. आणखीही काही पुसट खुणा होत्या, पण वर ठसठशीत २४१७! वॉचमनला मिठी मारायचीच काय ती बाकी होती. मग चटकच लागली. टाकीच्या पोटाशी २४१७. मडगार्डच्या आत २४१७. चेन कव्हर, टूलबॉक्सचं झाकण, कॅरिअर, सगळीकडे २४१७. लोकांचे दोन जुळले तरी ते सत्यनारायण घालतात, माझे सात जुळले होते!

ग्रुपवर फोटो टाकले. एकाने ‘आकडे कमी वाटतात’ म्हटलं, त्याला बाकीच्यांनी गप्प केलं. अभिनंदनाचा नुसता पाऊस. सेक्रेटरीला लिफ्टमध्ये गाठून सांगितलं, “लॉबीतली जागा झाडून ठेवा.” गिरगावातले एक जाणकार गृहस्थ गाड्या तपासून सर्टिफिकेट देतात, त्यांची वेळ घेतली. बाजारात तुरी म्हणतात ना, तसे आदल्या दिवशीच एक किलो पेढे आणले.

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. “तो कित्याक येता?”

“गाडी साहेबाचीच आहे, अस्सल आहे, हे लिहून द्यायला.”

“माका नको कोणाचा लिवान.” एवढंच बोलून ते फडकं पिळत राहिले. म्हातारपणी माणूस चिडचिडा होतो, असं मी समजले.

गृहस्थ आले. सत्तरीचे, पांढरी इस्त्रीची पँट, हातात बॉक्सफाइल, खिशात टॉर्च, भिंग आणि दोरीला बांधलेला लोहचुंबक. सेक्रेटरी आला, वॉचमन आला, दोन ड्रायव्हर आले. मी पेढ्याचा बॉक्स उघडून उभी. गृहस्थांनी चुंबक टाकीवर सोडला, तो टाककन चिकटला. मडगार्डवर, टाककन. “पुटीन भरून केलेली डागडुजी कुठेच नाही,” ते पुटपुटले. मी सेक्रेटरीकडे बघितलं, असं बघितलं की त्याने एक पेढा उचलला.

मग ते टॉर्च घेऊन इंजिनाशी वाकले. वाकले ते वाकलेच.

“बाई, हा नंबर कंपनीचा नाही,” ते म्हणाले. “कंपनीच्या नंबरात सात आकडे असतात, आधी अक्षर असतं. हा हाताने ठोकलाय. चारचा पाय बघा, सगळीकडे तुटका आहे. आकडे ठोकायच्या एकाच पंचाने मारलेले आहेत सगळे.” मग त्यांचा आवाज एकदम चिरकला. “अरे देवा! हे कंपनीच्या नंबरावरच ठोकलंय! खाली मूळ नंबर होता! कोणी केला हा अधर्म?”

“मियां,” मागून आवाज आला.

बाबा फडकं घेऊन उभे होते. नऊ वाजले होते ना.

“नंबर माजो आसा. बिल्ल्याचो.”

मग एक एक करून बाहेर आलं. गिरणीत प्रत्येक कामगाराला पितळी बिल्ला, त्यावर नंबर. वर्कशॉपमध्ये माणूस जे काही हाताने करील, पाना असो की छिन्नी, त्यावर आपला बिल्ला नंबर ठोकून ठेवायचा. नाहीतर दुसऱ्या पाळीची माणसं आली की वस्तू गायब. जुन्यांनी बाबांना पहिल्या दिवशी शिकवलं ते हेच, आणि बाबांनी ते जन्मभर पाळलं.

“सायबान इंजिन दिल्यान आणि सांगाडो दिल्यान,” बाबा म्हणाले. “बाकी सगळा मियां केलंय.”

तीन वर्षं, जेवणाच्या सुट्टीत. टाकी गिरणीच्या भंगारातल्या एका फुटक्या पिंपाच्या पत्र्याची. सीटचं चामडं मशीनच्या तुटक्या पट्ट्याचं. आणि हँडलच्या मुठी, ज्या मी लहानपणी विलायती लाकडाच्या समजत होते, त्या मोडक्या धोट्यांच्या. साहेबाच्या गाडीत साहेबाचं होतं तरी काय, तर एक इंजिन आणि एक सांगाडा, आणि त्यांच्यावरही बाबांनी आपला नंबर मारून ठेवलेला.

“पण कंपनीच्या नंबरावर कशाला ठोकलात हो?” गृहस्थ जवळजवळ रडकुंडीला आले होते.

“सपाट जागा तीच एक होती,” बाबा म्हणाले.

मला हसू येईना, रडू येईना. लाज मात्र अशी वाटली की विचारू नका. गाडी खोटी निघाली त्याची नाही. सात ठिकाणी नंबर घासून काढला, सगळ्या मुंबईला दाखवला, आणि तो माझ्या बापाचा नंबर आहे हे मला माहीत नव्हतं. चोवीसशे सतरा म्हणून हा माणूस इतकी वर्षं रोज हजेरीला उभा राहिला, त्यावर माझ्या शाळेची पहिली पुस्तकं आली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

“बाबा, कधी सांगितलं का नाहीत?”

“तू खंय विचारलंस?”

गृहस्थांनी फाइल उघडली. फॉर्मवर तीन चौकोन होते: मूळ, दुरुस्त केलेली, रेप्लिका. त्यांनी पेन तिसऱ्यावर नेलं. माणूस सरळ होता, वाईट वाटत होतं त्याला. “काय करणार, नियमाने हेच बसतं.”

सेक्रेटरीने लगेच घसा खाकरला. “म्हणजे ताई, ठरावाप्रमाणे...” आणि हातातला अर्धा पेढा परत बॉक्सात ठेवला. उष्टा!

“रेप्लिका म्हणजे काय गो?” बाबांनी मला विचारलं.

मी खोटं बोलू शकले असते. “नक्कल, बाबा.”

बाबा तापले. आईच्या मागे त्यांना इतकं तापलेलं मी बघितलं नव्हतं. फडकं खाली आपटून ते थेट त्या गृहस्थांसमोर गेले.

“नक्कल? खंयच्या गाडयेची? हेची अस्सल खंय आसा, ती हाडा आणि दाखवा माका!”

गृहस्थांचं पेन तसंच राहिलं. त्यांनी टाकीकडे बघितलं, मुठींकडे बघितलं. बोटाच्या नखाने पत्रा वाजवला. “कंपनीपेक्षा दुप्पट जाड आहे,” ते स्वतःशीच म्हणाले. मग म्हणाले, “ते पंच आहेत का अजून?”

बाबांच्या खाटेखाली लोखंडाचं एक पोतं आहे. शिफ्टिंगच्या वेळी ते टाका म्हणून मी चार दिवस भांडले होते. त्यातून मी पंचाची पुरचुंडी घेऊन धावत खाली आले. गृहस्थांनी चारचा पंच भिंगाखाली धरला. पाय तुटका.

ते खांबाला टेकून लिहायला लागले. तिन्ही चौकोनांना हात लावला नाही, खाली ‘तपासणाऱ्याचा शेरा’ म्हणून जागा होती तिथे लिहिलं. सही केली, शिक्का मारला आणि कागद सेक्रेटरीच्या हातात दिला. त्याने मोठ्याने वाचलं: “घडण विलायती कंपनीची नाही. बनवणारा: बिल्ला नंबर २४१७, गिरणीचं वर्कशॉप, परळ. एकूण नग: एक. तो हाच. मूळ.”

“पण ठरावात ओरिजिनल म्हटलंय,” सेक्रेटरी चाचरला.

“मग मूळ म्हणजे काय असतं?” मी विचारलं. “आणि तुमच्या त्या फायबरच्या मागाचं सर्टिफिकेट दाखवा आधी. त्याला साधा धोटा नाही, आमच्या गाडीला दोन आहेत!”

वॉचमन हसला, ड्रायव्हर हसले, आणि हसणाऱ्यांत शेवटी सेक्रेटरीही आला, कारण त्याचे वडीलही गिरणीतलेच होते, जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम. त्याने तो अर्धा पेढा परत उचलला.

गाडी आता लॉबीत आहे, पिवळ्या लाइटखाली. बाबा नऊला खाली जातात ते अकराला वर येतात. शाळेच्या सुट्टीत पोरं जमतात, त्यांना ते धोटा काय असतो ते सांगतात आणि फायबरच्या मागाची यथेच्छ निंदा करतात.

त्या दिवशी संध्याकाळी पंच परत ठेवायला मी पोतं उपसलं. उपसलं म्हणजे आता प्रत्येक तुकडा उलटा करून बघत होते. पाना, २४१७. छिन्नी, २४१७. तळाशी एक जाड लोखंडी कडी मिळाली, तळहाताएवढी, आतून झिजून गुळगुळीत झालेली. ती मी ओळखली. चाळीतल्या खोलीत तुळईला होती, तिला माझा पाळणा टांगलेला असायचा, आई सांगायची. चष्मा लावून उजेडात धरली. चारचा पाय तुटका.

मी ती बाबांसमोर नेऊन धरली. “यावर पण? घरात कोण येणार होतं चोरायला?”

बाबांनी कडी हातात घेतली, फडक्याने पुसली.

“नवो माल होतो,” ते म्हणाले. “दुसऱ्या पाळीवाल्यांचो काय भरवसो?”