खणखणे साहेबांची बदली

चिचटोल्यात ग्रामसेवक म्हणून रुजू झालो, त्याच आठवड्यात गुरुवारी सकाळी सात वाजता माझी अब्रू भोंग्यावरून गावभर गेली. तीही अत्यंत शुद्ध भाषेत.

"श्रोतेहो, नवे ग्रामसेवक काल दाखल झाले. ते सातारा जिल्ह्यातून आले असून, परत कधी जाता येईल, याची चौकशी त्यांनी आल्या आल्या केली. मी त्यांच्याशी सहमत आहे. मी स्वतः अठरा वर्षांपूर्वी हीच चौकशी केली होती. हवामान : आज मला न आवडणारे राहील. लच्छू, पंखा लाव."

ही चौकशी मी फक्त पंचायतीच्या शिपायाजवळ, म्हणजे लच्छूजवळ केली होती. तोंडातला ब्रश तसाच ठेवून मी पंचायतीकडे निघालो. माझा राग तसा लवकर येतो आणि उशिरा जातो. मागच्या खोलीत ब्लीचिंग पावडरीच्या पोत्यांमध्ये ॲम्प्लिफायर होता, त्याच्याजवळ लच्छू होता, आणि माईकसमोर ओल्या अर्ध्या चड्डीतला, खांद्यावर जाळं टाकलेला एक काटकुळा माणूस. खोलीला मासळीचा वास येत होता. मला पाहून त्याच्या हातातला माईक पोत्यावर पडला.

"मी नाई, साहेब," तो म्हणाला. "ते खणखणे साहेब व्हते."

हा केवळराम नागापुरे. धिवराच्या घरातला, तलावावर मासे धरणारा, थोडं धान पिकवणारा, बाकी दिवस मजुरी करणारा. चारचौघांत बोलायची वेळ आली की याचे डोळे जमिनीत आणि आवाज पोटात. मुलीच्या लग्नात व्याह्यांना 'या, बसा' म्हणायलासुद्धा बायकोला पुढे केलं होतं, असं त्याची बायको चंदाबाई आजही सांगते, आणि दर वेळी नव्या रागानं सांगते.

खणखणे साहेब जन्मले ते या लाजेतूनच. दोन हजार तीन साली पंचायतीनं भोंगा घेतला. पहिल्याच दिवशी पोलिओ डोसाची सूचना द्यायची होती आणि कोतवाल तापानं पडला होता. तिथून जाणारा केवळराम सापडला, त्याच्या हातात माईक दिला. पाच मिनिटं गावाला नुसता श्वास ऐकू आला. मग काय झालं ते त्यालाही कळलं नाही. आजवर गावात येऊन गेलेल्या सगळ्या साहेबांचा मिळून एक आवाज त्याच्या तोंडून बाहेर पडला. "मी द. वि. खणखणे बोलत आहे. माझी मुंबईहून येथे शिक्षा म्हणून नेमणूक झाली आहे. गुन्हा मला सांगण्यात आलेला नाही. डोस पाजून घ्या."

गाव हसून लोळलं आणि सगळी पोरं डोस घेऊन गेली.

तेव्हापासून दर गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, खणखणे साहेब बोलतात. ते कोंबड्यांना भितात. खेकडा त्यांना सरकारी वाटतो. शंकरपटातल्या बैलशर्यतीचं समालोचन ते क्रिकेटसारखं करतात आणि बैल बाद झाल्याचं जाहीर करतात. चूक नेहमी लच्छूची असते. वीस वर्षं भोंग्यावरून बोलणी खाऊन लच्छूची कॉलर ताठ झाली आहे. एखाद्या गुरुवारी साहेब त्याच्यावर ओरडले नाहीत, तर तो दिवसभर जेवत नाही. केवळरामचा मुलगा भूपेश घुग्घुसला कोळशाच्या खाणीत आहे. चंदाबाई फोन लावून भोंग्याकडे धरते, आणि तिथले सकाळच्या पाळीचे कामगार मोटारसायकली थांबवून त्याच्या मोबाइलवर साहेब ऐकतात आणि मगच खाणीत उतरतात.

सगळ्यांना ठाऊक आहे की साहेब म्हणजे केवळराम. तरी म्हातारी सुकरीबाई भाजीची वाटी साहेबाच्या नावानं पाठवायची. "खाणार केवळरामभाऊच ना?" मी एकदा विचारलं.

"खाते तोच," ती म्हणाली. "पण केवळरामले देल्ली तं वाटी घरीच राह्यते. साहेब वापस धाडते, दोन मासे टाकून." मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाली, "तुमी रिकामी धाडता."

इकडे रिकामी वाटी परत करत नाहीत, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

एकूण, केवळरामचं बरं चाललं होतं असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. पण तलावात बेशरम माजली होती. हे झुडूप जांभळ्या फुलांचं, दिसायला छान, आणि काठाकाठानं पाण्यात शिरत तलाव गिळून टाकणारं. जाळं अडकून फाटायचं, मासळी दरवर्षी कमी. आणखी दोन पावसाळे असेच गेले तर तलाव नावालाच राहिला असता. आणि तलाव गेला की केवळरामचं सगळंच गेलं. मे महिन्यात पाणी उतरल्यावर सारं गाव लागलं, तर आठ दिवसांत उपटून होईल, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

हे म्हणणं घेऊन तो तीन वर्षं ग्रामसभेत उभा राहिला. तो उठला की लोक आधीच हसायला लागत. एकही ग्रामसभा न चुकवणारा नानाजी तर बसल्या जागी मांडी थोपटून तयार असायचा. केवळराम म्हणायचा, "तलावात बेशरम…", आणि पुढचं कोणाला ऐकू जायचं नाही. मग त्यानं तेच साहेबांच्या आवाजात भोंग्यावरून सांगून पाहिलं. त्या गुरुवारी गाव डोळे पुसपुसून हसलं आणि साहेब इतके रंगात आजवर कधी आले नव्हते, असं म्हणत बाजारात गेलं. झुडूप होतं तिथंच राहिलं.

त्या दिवशी तो माझ्या टेबलासमोर येऊन बसला. "साहेब, माह्या घरात एक माणूस जास्तीचा झाला," तो म्हणाला. "तो हाय तोवर मले कोणी आयकत नाई. त्याले काढा लागते."

पुढच्या गुरुवारी खणखणे साहेबांनी मुंबईला बदली झाल्याचं जाहीर केलं. "बावीस वर्षांनी न्याय झाला. खेकड्यांना माझा निरोप सांगा. लच्छू, बंद कर." गाव हसलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी भोंग्यावरून बारीक आवाज आला, "मी केवळराम बोलून राह्यलो. तलावाबद्दल सांगाचं व्हतं." लोकांनी भोंगा बिघडला असं समजून तारा तपासायला माणूस खांबावर चढवला.

तिसऱ्या गुरुवारी मात्र पंचायतीसमोर दीडशे माणूस जमलं. सरपंच आशाबाई पुढे होत्या. म्हणाल्या, खास ग्रामसभा घ्या, साहेबांची बदली रद्द करा.

एरवी माझ्या ग्रामसभेला आपणहून सरपंच, लच्छू, नानाजी, केवळराम आणि एक कुत्रं यायचं, बाकीच्यांना गणपूर्तीसाठी मी घरोघर हिंडून आणायचो. त्या दिवशी झाडावर माणसं होती. माझं डोकं सणकलं. "अहो, कोणाची बदली रद्द करू? तो माणूसच नाही," मी म्हणालो. "कुठल्या कलमाखाली लिहू?"

आशाबाई शांतपणे म्हणाल्या, "माणूस नाई, हे आमाले मालूम हाय, साहेब. मागं गुरुजीची बदली झाली, आमी शाळेले कुलूप लावलं. गेले. सिस्टरबाई गेल्या, तव्हा रस्त्यावर बसलो. गेल्या. खरे साहेब आमच्यानं थांबले नाईत. हा एक तं थांबवता येईन."

खरं सांगायचं तर माझाही बदलीचा अर्ज तेव्हा टेबलाच्या खणात होता आणि मला त्या खणाकडे बघवेना. मी वही उघडली आणि ठराव लिहायला घेतला : श्री. द. वि. खणखणे यांची बदली जनहितार्थ रद्द करण्यात यावी. सूचक सुकरीबाई, अनुमोदक नानाजी.

"आता केवळरामले इचारा," मागून कोणीतरी म्हणालं.

केवळराम उठला. आणि त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या उठण्यावर कोणी हसलं नाही, कारण साहेब त्याच्याजवळ ओलीस होते. ते त्यालाही जाणवलं असावं. डोळे जमिनीत, पण आवाज पोटातून गळ्यापर्यंत आला.

"साहेब राहीन," तो म्हणाला. "पण दर गुरुवारी आधी मी बोलीन. दहा मिनिटं. माह्याच आवाजात. कोणी हासलं तं साहेब मुंबईले जाईन. आता आजचे दहा मिनिटं आयका."

मग त्यानं तलाव सांगितला. कुठे किती पाणी राहिलं, कोणता मासा येईनासा झाला, बापाच्या वेळी कोणत्या घाटावर काय सापडायचं, आणि काठावरच्या धानाला पाणी का पुरत नाही. सुकरीबाईनं पदर तोंडात कोंबला होता. नानाजीला हसू दाबून दाबून उचकी लागली, आणि दर उचकीला शेजारचा त्याच्या पाठीत गुद्दा घालत होता. पण दहा मिनिटं झाली तेव्हा पदर तोंडातून निघाला होता, आणि सुकरीबाई विचारत होती, "मंग उपटाले कव्हापासून याचं?"

मेमध्ये आठ नाही, अकरा दिवस लागले. गुडघाभर चिखलात सगळं गाव, आणि पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, खुर्ची टाकून खणखणे साहेब समालोचन करत होते : "नानाजींनी एक झुडूप उपटले, झुडपाने नानाजींना उपटले, सामना बरोबरीत." झुडपं वाळवून जाळली. त्या वर्षी चंदाबाईनं मला जे मासे दिले, ते मी माझ्या कढईत मावावे म्हणून दोनदा कापले.

ठरावाचं पुढे जे झालं, त्याला लच्छू जबाबदार. त्यानं तो महिन्याच्या टपालात वरच्या कार्यालयात पाठवून दिला. दीड महिन्यानं उत्तर आलं, सहीशिक्क्यासह : सदर अधिकारी यांच्या बदलीस पुढील आदेशापर्यंत स्थगिती देण्यात येत आहे, तथापि त्यांनी मालमत्तेचे विवरण सादर केलेले नाही, आठ दिवसांत खुलासा करावा. साहेबांनी खुलासा भोंग्यावरूनच केला. "मालमत्ता : टेबल फॅन एक. तो लच्छूने नेला. याव्यतिरिक्त माझ्याकडे लच्छू आहे." लच्छू त्या दिवशी दोन वेळा जेवला.

आणि मग माझी बदली झाली. खणातला अर्ज मी पाठवलाच नव्हता. ती आपोआप झाली. सांगायला लाज वाटते, पण मी चार दिवस वाट पाहिली. कुलूप नाही, मोर्चा नाही, ठराव नाही. आशाबाई नारळ घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तुमी खरे हाय ना, साहेब. तुमाले काय थांबवाचं."

निरोपाला पंचायतीसमोर सगळे बसले. मी केवळरामच्या कानाशी लागलो, "साहेबांना बोलू द्या दोन शब्द. जाताना हसत जाईन म्हणतो." त्यानं मान हलवली, माईक घेतला, आणि बोलायला लागला तो स्वतःच्या बारीक आवाजात. तो सोमवार होता. त्याची अट गुरुवारची होती. हसायला सगळे मोकळे होते.

"ग्रामसेवक साहेब चालले," केवळराम म्हणाला. "आले तव्हा वाटी रिकामी देत व्हते. आता भरून देते."

एवढं बोलून तो खाली बसला. कोणी हसलं नाही. मी खुर्चीवरून उठलो, सुकरीबाईची वाटी माझ्या पिशवीत राहिली होती ती काढली, त्यात आशाबाईंनी दिलेला नारळ पायरीवर फोडून खोबरं घातलं आणि तिच्या हातात दिली.